शिंगाडे सोलायचं यंत्र आणि माझं सहपत्र

विषय : सानगडीच्या कवडूभाऊंच्या शिंगाडे सोलायच्या यंत्राला पेटंट मिळणेबाबत. संदर्भ : मी. अर्ज मीच लिहिला होता.

शिंगाडे सोलून बायकोची बोटं रक्ताळलेली बघवेनात, म्हणून कवडूभाऊंनी हे यंत्र बनवलं. अर्ज गेल्यावर मी बजावलं, "पेटंट मिळेपर्यंत यंत्र झाकून ठेवा, कोणी नक्कल करेल." जन्मभर कारकुनी केलेली. सहपत्राशिवाय अर्ज मला उघडा वाटतो. म्हणून दोन वर्षांपूर्वी यंत्र भर बाजारात चालवून दाखवल्याचं वर्तमानपत्राचं कात्रणही अर्जासोबत जोडलं होतं.

परवा पेटंट कार्यालयाचं हरकतींचं पत्र आलं. मी कवडूभाऊंना वाचून दाखवू लागलो.

"पहिली : यातला स्क्रू परदेशातल्या दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत आधीच आहे."

"मी त खुर्चीच नाही पायली. दात दुखला त पकड लावतो."

"दुसरी : जाळी कपडे धुवायच्या मशीनमध्ये आहे."

"तिच्यात शिंगाडे कोन सोलून राहिलं?"

तिसरीवर मी थांबलो.

"काहून थांबले बाबू?"

"अर्जाआधी यंत्र लोकांनी पाहिलं असेल तर ते नवं धरत नाहीत. पुरावा : सोबतचं कात्रण."

"ते कोनं जोडलं?"

"मी."

तेवढ्यात वहिनींनी सोललेल्या शिंगाड्यांची ताटली पुढे केली. बोटांना चिंध्या बांधलेल्या.

"यंत्रावर सोलले?" मी विषय बदलला.

"हातानंच. यंत्र झाकून ठेवा, तुमीच म्हनले ना."

उत्तर पाठवलं आहे. सहपत्र : निरंक. अर्ज प्रलंबित आहे.