आधी माका फोन कर

कुडाळकर वहिनी, डॉक्टरांची लेक मीनल, आणि नाहूरच्या माझ्या सगळ्या शेजाऱ्यांनो,

हॉल इतका भरलाय की कुडाळकर डॉक्टर असते तर आधी खिडक्या उघडायला लावल्या असत्या. बोलायला उभी राहिलेय खरी, पण भाषणाची सवय नाही. सांभाळून घ्या.

मी सुनंदा. निवृत्त होईपर्यंत मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत सिस्टर होते. तिथे यायला हवेत अपघातवाले, हार्ट अटॅकवाले. पण यायचं कोण? सर्दी, खोकला, ढेकर! आणि त्या गर्दीत खरा आजारी माणूस मागे उभा राहायचा.

त्यातली एक पेशंट तर माझ्याच घरची. माझ्या सासूबाई. छातीत धडधडलं की रिक्षा करून थेट माझ्या ड्युटीवर हजर. कार्डिओग्राम दर वेळी झकास! शेवटी वैतागून मी त्यांना डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नीट तपासलं, गावच्या गप्पा मारल्या आणि मालवणीत दम भरला, "आजये, आधी माका फोन कर. मगे रिक्षा बघ." सासूबाई मालवणच्या. खूश! त्या दिवसापासून धडधडलं की फोन. निम्म्या वेळा बोलता बोलताच बरं वाटायचं.

मी डॉक्टरांना म्हटलं, "तुमच्यामुळे माझं काम कमी झालं हो." तर म्हणाले, "ज्याला खरी गरज आहे, त्याला पाठवीन ना!"

आणि पाठवलं. कोणाला? आमच्या ह्यांना!

एका सकाळी हे दवाखान्यात गेले ते ऑफिसच्या सर्टिफिकेटवर सही घ्यायला. जाता जाता बोलले, "जबडा जरा जड वाटतोय, दाताचं असेल." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "जिना चढताना वाढतं का रे?" हे म्हणाले, "हो. आज तर बसलो तरी जात नाहीये." झालं! तोंडात गोळी दिली, बाहेरच्या पेशंटना सांगितलं, "मंडळी, आलोच," आणि ह्यांना रिक्षात घालून स्वतः शेजारी बसले. हे वाटभर भांडत होते, "अहो, दात आहे, दात!"

माझा फोन वाजला. "सिस्टर, दारात व्हीलचेअर ठेवा. घाबरू नका, पेशंट तुमचाच आहे." घाबरू नका म्हणे! मी स्वतःच व्हीलचेअर ढकलत दाराकडे धावले.

पण त्या सकाळी आमच्याकडे बेड रिकामा होता. ड्युटीवरचे डॉक्टर मोकळे होते. अटॅकच होता, आणि एक मिनिट वाया गेलं नाही. ते बघा, हे तिसऱ्या रांगेत बसलेत, रडतायत आणि हसतायत. उठा हो, लोकांना दिसू द्या!

बेड रिकामा का होता? सर्दी-ढेकरवाले कुडाळकर डॉक्टरांच्या दवाखान्यातच बरे होत होते, म्हणून. बेड वाढायला हवेत, मान्य. पण गल्लीत आपल्याला नावानिशी ओळखणारा, आपली ढेकर कुठली नि दुखणं कुठलं हे सांगणारा एक डॉक्टर हवा. नाहीतर वाट लागते.

गेल्या महिन्यात डॉक्टर स्वतः आमच्याच हॉस्पिटलात ॲडमिट होते. भेटायला गेले तर मलाच विचारतात, "सिस्टर, खाली कॅज्युअल्टीत गर्दी आहे?" मी म्हटलं, "आज नाही." केवढे हसले! म्हणाले, "मग त्या नव्या डॉक्टर पोरींना सांगा, आत्ताच जेवून घ्या." मी खाली जाऊन खरंच सांगितलं. आणि त्या जेवल्या.

चला, दोन मिनिटं उभे राहू या. डॉक्टर आठवून कुणाला हसू आलं, तर दाबू नका.