बोरगावच्या पानावर आमचं घर

जन्म माझा इथलाच, काशीतला, बालाजी घाटाच्या वरच्या गलीत माहेर आणि सासर तिथनं चार घरं सोडून, मतलब आयुष्य सगळं त्याच पायऱ्यांवर चढण्या-उतरण्यात गेलं बघा. ह्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तीर्थोपाध्येपण. महाराष्ट्रातले यात्रेकरू यायचे, श्राद्ध करायचे आणि आमच्या वहीत स्वतःच्या हातानं बाप-आजाचं नाव, गाव लिहून जायचे. त्या वह्या अजून आहेत, लाल कापडात बांधलेल्या. आता परदेशातून मुलं येतात, मोबाईलवर फोटो काढतात, पणज्याची सही बघून रडतात हो. पण चूक सगळे एकच करतात, आडनाव सांगतात. अरे बाबा, वही गावावर लावलेली असते, आधी गाव सांग!

आणि काय सांगू तुम्हाला, आमचंच गाव आम्हाला ठाऊक नव्हतं. जगाच्या पिढ्या जपल्या, स्वतःची एक ओळ नाही, उपाध्यानं आपल्याच वहीत आपलं नाव कशाला लिहायचं, असं सगळ्यांना वाटत आलं. शेवटच्या दुखण्यात ह्यांचं रोज तेच, मालती, आपण निघालो कुठून गं, एवढं कळायला हवं होतं. मी म्हणायची, कळेल हो, आधी चाय प्या. गेले तसेच, न कळता. फार लागलं माझ्या मनाला.

यंदा पितृपक्षात एक रिटायर्ड मास्तर आले, कृष्णाकाठच्या बोरगावचे. त्यांना मोडी वाचता यायची, आमच्या घरातली मोडी सासऱ्यांबरोबर गेली. मी त्यांना बोरगावची वही काढून दिली आणि भात बघायला आत गेले, तर मास्तर हाका मारायला लागले, काकू, अहो काकू, तुमचं आडनाव पुराणिकच ना? मास्तरांच्या पणजोबांनी लिहिलं होतं, आमचे गावचे विठ्ठलभट पुराणिक काशीस राहिले आहेत, त्यांचेच घरी उतरलो. विठ्ठलभट! अहो, ह्यांचे पणजोबा ते! तर्पणात दरवर्षी घेतलेलं नाव. मी तीच ओळ त्यांना पुन्हापुन्हा वाचायला लावली, भात लागला तो लागलाच.

मास्तरांचे उपकार कसे फेडू, देव त्यांना उदंड आयुष्य देवो. त्याच पानाखाली नातीनं आमची सगळी नावं लिहिली, लेकी-सुनांचीसुद्धा. माझं मात्र मी माझ्या हातानं लिहिलं. मग ह्यांच्या फोटोपुढे जाऊन सांगितलं, ऐकलंत का, आपलं गाव बोरगाव.