संदीपचा मोटारवाला सूट

अगं, माझा संदीप पोलिसात, जंगलातल्या नक्षलविरोधी पथकात आहे ना, तो सुट्टीवर अहेरीला आला आणि मोबाइलवर व्हिडिओ दाखवायला लागला. अंगावर बॅटरीच्या मोटरवर हलणारे लोखंडी हातपाय सुटासारखे चढवून एक जवान भलंमोठं ओझं घेऊन चालत होता.

"आई, आता माह्यावर याची ट्रायल आहे."

"आवाज येते का त्याचा?"

"थोडासा."

"सागाच्या पाल्यावर शेळी चालली तरी गावाले कळते! आन् जंगलात बॅटरी संपली तं?"

"काढून खांद्यावर आणायचा."

"गोळी आली तं झटकन पोटावर पडता येते का?"

त्यानं व्हिडिओ बंद केला. "आई, वरण वाढ."

जाताना मी बजावलं, "तो सूट घालून पोटावर पडून दाखव. व्हिडिओ पाठव."

ट्रायल झाली म्हणे. त्याचा फोन रोज येतो, तो व्हिडिओ मात्र अजून आला नाही.