बांधावरची चिंच आणि निळं चित्र

हॅलो?… कोन, वृषाली? व्हय, कलाबाईच बोलते… अगं ऐक ना, तुझ्या पीएचडीपायी कोंडीरामला निम्मी चिंच फुकट मिळायची वेळ आली! झोडायची न्हाई, वेचायची न्हाई, पोतं थेट घरात…

कोन कोंडीराम? बांधापलीकडचा गं! तूच त्याला सांगितलंस ना, माझ्या चिंचेभवती सळया ठोकून करंट सोडला की झाड कुठलं पाणी पितं ते रंगीत चित्रात दिसतं?… हां. तवापास्नं म्हनतो, झाड माझ्या रानातलं पितं, निम्मी चिंच माझी. न्हाईतर माझ्याकडच्या मुळ्या तोडनार! कुऱ्हाड मांडीवर घेऊन बसलाय…

न्हाई, तू ठोकलेल्या सळयांना हात न्हाई लावला त्यानं. रंगनाथतात्या आलेत पंच म्हनून. ज्याचं पाणी त्याचं फळ, म्हनतेत… थांब, स्पीकर लावते. आजचं चित्र आलं असंल ना तुझ्या कंप्युटरवर? बोल.

काय? आज त्याच्या बाजूला सगळं निळं?… झालं! कोंडीराम नाचतोय बघ. "निळं म्हंजे पाणी, हितनंच पितंय!"…

आं?… परत सांग. निळं म्हंजे ओल… पाणी तसंच पडून… आन् झाडानं पिऊन कोरडं केलं, तिथं लाल?

तात्या, ऐकलंत? झाडानं ह्याच्या पाण्याला तोंड बी लावलं न्हाई!

…काय वरडतोय? रातभर मोटार चालवली? कशाला रं?… चित्र निळं व्हावं म्हनून! अगं वृषाली, काढनीला आलेला कांदा बुडवला की ह्यानं!… तात्या म्हनतेत, चिंच कलाबाईची. कोंडीराम, कुऱ्हाड घे आन् घरला जा.

काय म्हनलीस? मागच्या म्हैन्यात त्याच्याकडं लालभडक हुतं?… हळू बोल, बाई! स्पीकर बंद करते आधी… म्हंजे पीत हुतं त्याचंच?… न्हाई न्हाई, तात्यांना कशाला आता? चपला घातल्या बी त्यांनी.

अगं, रडतेस का?… रान वाळत जाताना झाड कसं पितं, तेच बघायचं हुतं? आन् ह्यानं भिजवून ठेवलं… मग परत पुढच्या उन्हाळ्यात?… ये की. भाकरी माझ्याकडं.

तर बघ पोरी… पाणी गेलं त्याचं, कांदा गेला त्याचा, चिंच ऱ्हायली माझी… आन् वरीस गेलं तुझं. ठेवते.