विणकामाचं मशीन आणि माझा नवस

...आणि वर म्हणतो कसा, "केर्त्तू, दोन दिवसांचं काम आहे!" दोन दिवस? तुम्हाला सांगते, सहा आठवडे झाले, आणि मी कॉफी सोडलेली!

नवसच बोलले ना मी! माझ्या नातीचा बाप्तिस्मा तोंडावर. आमच्या घरातल्या प्रत्येक बाळाला मेंढरांची नक्षी आणि स्वतःचं नाव विणलेलं पांघरूण मिळतं. नक्षी माझ्या बहिणीची, आउनेची. ती गेली देवाघरी, आणि नक्षी राहिली जुन्या कम्प्युटरच्या पोटात! त्यानं फेब्रुवारीत धूर सोडला. नक्षी वाचली, पण नवा कम्प्युटर आमच्या विणकामाच्या मशीनला ओळखच देईना. मग म्हटलं, देवा, मशीन चालेपर्यंत कॉफीचा थेंब नाही. तर आमच्या पाद्रीणबाई म्हणतात, "केर्त्तू, देव असले सौदे करत नाही गं." देव नसेल करत... मी केला ना!

आणि आमचा नवरा, आइमो! चाळीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेली. "जुना ड्रायव्हर नव्यात बसवायचा, बस्स!" ड्रायव्हर म्हणजे म्हणे कम्प्युटर आणि मशीनमधला दुभाषी. बरं, दुभाषी तयार झाला, मशीन खडखडलं, मी देवाचे आभार मानले, बघते तर काय... मेंढराचं डोकं पोटात, शेपूट कानाला! आइमो तीन दिवस केबल बदलतोय. समोर बसून कॉफी ढोसतोय. आणि मी कॉफी सोडलेली!

शेवटी त्यानं काय केलं असेल? त्या तुकड्याचा फोटो काढून इंटरनेटवरच्या जुन्या मशीनवाल्यांना पाठवला. नावासकट! अहो, बाप्तिस्म्याआधी बाळाचं नाव कुणाला कळू द्यायचं नसतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक! मी किंचाळले. तर म्हणतो, "घाबरतेस काय? सगळी खिचडी झालीय, कोण वाचणार?"

एकानं वाचलं! तिकडे औलू शहरातल्या एका गृहस्थाचं उत्तर आलं: "तुमचा ड्रायव्हर दर आठ टाके उलट्या क्रमानं पाठवतोय, क्रम सुलटा करा. आणि छोट्या तुइक्कूला आशीर्वाद!"

केला सुलटा. काल, शनिवारी सकाळी, पांघरूण विणून हातात! मेंढरं अशी गोजिरवाणी, आउनेच आली म्हणा ना भेटायला... डोळे पुसले, कॉफी चढवली, कप भरला, आणि फोन वाजला. आमची लेक, औती.

"आई! सासूबाईंनी फोन करून 'तुइक्कू कशी आहे' म्हणून विचारलं!"

ते औलूचे गृहस्थ निघाले जावयाचे सख्खे काका! फोटोखाली आइमोचं नाव बघून त्यांनी वहिनीला लगेच कळवलेलं!

"आता ते नाव नको, आई. हेल्मी ठेवतोय. आणि बाबांना सांगू नकोस!"

कप तसाच ठेवला. म्हटलं, आइमो, सरक, नाव बदलायचंय, कुठलं ते विचारू नकोस. तर कम्प्युटरच्या पडद्यावर काय? 'नवी आवृत्ती बसवत आहे, बंद करू नका.' तासभर बसवली. आणि मशीनला पुन्हा ओळखेना! आइमो म्हणतो, "दोन दिवसांचं काम आहे."

मी कात्री घेतली. तुइक्कू उसवलं, सुईदोरा घेतला, हेल्मी भरलं. सुईला कुठं ड्रायव्हर लागतो?

तर हे बघा पांघरूण, आणि ही आमची हेल्मी. बसा, केक घ्या, कॉफी घ्या पोटभर... नाही, मला नको. पांघरूण झालं हो, पण शब्द मशीनचा दिलाय ना. मला आपलं कोमट पाणी.