खल्यावरचा मांडव

माझा माहेर खाडीच्या पल्याड, मिठागराच्या गावान. पायाला मीठ चावत चावत मोठी झाली, आन या गावान नवरी होऊन आली, रबाल्याला लागून हाय ना त्या गावान, तवा हितं कंपनी नाय, टेशन नाय, सगला भात. घर केवडा, तर एक माजघर, पुढं ओटी, मागं चूल, आन दारासमोर खला. आथा तुमी शहरातली, खला म्हंजे काय ते तुमाला सांगवाला लागल. दारासमोरची जागा, शेनानं सारवलेली, तिथं भात झोडवाचा, सुकी मासली पसरवाची, पोरांनी खेलवाचा, बापयांनी गप्पा मारत बसवाचा, घरान लगीन आला का मांडव पन तिथंच. काय सांगू तुमाला, निम्मा घर म्हंजे तो खलाच व्हता.

मंग शहर आला. म्हंजे पयले मोजनीवाले आले, साखल घेऊन. माझा सासरा ओटीवर बिडी पीत बसलेला. त्यातला एक इचारतो, बाबा, ही जागा कसली? आन सासरा सरल मानूस, बोलला, खला हाय, भात झोडतो. झाला. त्यांनी लिवला शेतीची जागा, आन शेती तर सगलीच सरकारनी घेतली. गावठानाची रेघ मारली ती आमच्या पायरीला चिकटून मारली. सासरा आंगन बोलला असता तर रेघ पलीकडं गेली असती, असा मागनं लोकांनी सांगला. पन आमच्या गावान आंगन कोन बोलतो? आंगन पुस्तकान. सासऱ्याला मी कवा दोस दिला नाय, आजपन देत नाय, त्याला इचारला तेचा त्यानी उत्तर दिला. मना राग येतो तो लिवनाऱ्याचा. डोले व्हते ना त्याला? आडव्या बांबूला पालना टांगलेला दिसत व्हता, माझा मोठा पोरगा त्याच खल्यान नागडा लोलत व्हता. शेतान कोन पालना टांगतो, तुमीच सांगा.

मंग वर्सां गेली. भाताच्या जागंला बिल्डिंगी आल्या, आमचा धाकटा दशरथ रबाल्याला कंपनीन लागला, आन त्याचा लगीन जमला, पोरगी तुर्भ्याकडची. पोरीचा बाप घर बघवाला आला. माजघरान मोठा पोरगा, त्याची बायको, त्याची पोरां, ओटीवर आमी दोघा म्हातारी. त्यानी चहा पिला, हिकडं बघला, तिकडं बघला, आन हलूच बोलला, बाय, माझी पोर निजल कुठं? मना तोंड वर करवाला जागा नाय रायली. बोलला, एक खोली काढा, मंग तारीख काढू. त्याचा काय चुकला? बापानी इचारवाला नको?

मी बोलली, खल्यावर काढू खोली. दशरथ बोलला, आये, रीतसर परवानगी घेऊ, दिघ्याला माझ्या दोस्ताचा घर बांधला तसा तोडला, उगाच टेन्शन नको. मी बोलली, घे. तिथनं जी हापिसाची वारी सुरू झाली, आज साहेब मीटिंगला, उद्या साहेब साइटवर, परवा नकाशा चुकलाय, मंग दुसरा नकाशा, मंग बोलतान पयलाच बरा व्हता. दशरथचे खाडे पडले, तवा मी एकटी जावाला लागली. शेवटी साहेब भेटला, तरना, देशावरचा. बोलला, बाई, ही जागा तुमची नाहीच, खळं म्हणजे शेतजमीन. मी इचारला, साहेब, तुमच्या गावाला खला कुठं असतो? बोलला, शेतात असतो, आणखी कुठं असणार? तवा माझ्या डोक्यान प्रकाश पडला, आन अशी आग झाली का बोलू नका. त्याच्या गावाचा खला शेतान, म्हनून माझ्या दारातला खला पन शेत. मी बोलली, चला साहेब माझ्यासंगती, बघा, खल्यावर पाय ठेवल्याबिगर माझ्या घरान जाऊन दाखवा. तो बोलला, आम्हाला कागद बघायचा असतो. आन समोरच्या सोसायटीन, माझ्या भाताच्या जागंवर, लोकांनी बाल्कन्या बंद करून खोल्या केल्या, त्यांना कोन नाय इचारत. ते रहिवासी. आमी कोन?

पोरीचा बाप थांबला थांबला, मंग त्याच्याकडं दुसरी सोयरीक आली. दशरथचा जेवन सुटला. तवा मी घरान सांगला, मांडव घाला. मांडवाला कोनाची परवानगी लागत नाय. पोरीच्या बापाला बोलली, तुझी पोर उघड्यावर निजनार नाय, ही माझी जबान. खल्यावर मांडव घातला, चांगल्या जाड मेढी रोवून, लगीन झाला, वरात आली, आन मांडव काढलाच नाय. वर पत्रे टाकले, चारी बाजूंना कूड घातला, शेनानं सारवला, दार बसवला.

तोडवाला आले. तोच साहेब, मागं गाडी, कामगार पहारी घेऊन. बोलला, हे काय आहे? मी दारान उभी, बोलली, मांडव हाय. बोलला, लग्न झालं ना? मी बोलली, झाला. बोलला, मग काढा. मी बोलली, साहेब, नवरी घरान गेली का मंग मांडव काढतान. माझ्या सुनेला जावाला घर कुठं हाय तेवडा दाखवा, मी माझ्या हातानं मेढी उपटते. पहारवाले एकमेकांकडं बघवाला लागले. साहेब लाल झाला, बोलला, पुन्हा येऊ, आन गेला. नोटिसा मातर येतात, अजून येतात.

म्हनून मी दाराला बांधलेला लग्नाचा आंब्याचा टाला, पानांची डहाली, सुकू देत नाय. सुकला का दुसरा बांधते, पावसान बांधते, शिमग्यान बांधते, लोक हसतान, हसूदे. टाला सुकलेला दिसला तर ते बोलतील लगीन संपला. माझी सून चांगली हाय हो, देव तिला औक्ष देव, कवा तोंड वाकडा केला नाय. दोन पोरां झाली तिला, पयला तर आथा शालेन जातो. पन हापिसाच्या हिशोबान ती बिचारी आजून सासरी आलीच नाय, मांडवानच उभी हाय.