अण्णांची पेटी

मंडळी, देवाला काही मागण्याआधी आज एक प्रश्न तुम्हालाच विचारते. घरातलं माणूस जातं. त्याचा चष्मा मागे राहतो, चपला राहतात, काठी राहते. आपण त्या जपतो. जपतो की नाही? अहो, मान तरी हलवा! जपतोच. पण जपणं म्हणायचं कशाला? वस्तू होती तिथंच ठेवली, की झालं जपून? थांबा, उत्तराची घाई नको. आधी गोष्ट ऐका.

गाव इचलकरंजी. तिथं सातपुते अण्णांचा सूत रंगवायचा कारखाना. आयुष्यभर अण्णांनी एकच ध्यास घेतला, रंगाचा! डाळिंबी, मोरपंखी, कच्च्या कैरीचा हिरवा... कोणत्या रंगात काय किती घालायचं, ते सगळं एका संगणकात भरून ठेवलेलं. तो संगणक त्यांच्या केबिनमध्ये, लोखंडी ट्रंकेएवढा. सगळे त्याला म्हणायचे, अण्णांची पेटी.

(तुमची नव्हे हो, पेटीवाले! तुम्ही वाजवा.)

आता काम कसं चालायचं, बघा. केबिनला एक खिडकी. खिडकीपलीकडे वाफाळणाऱ्या टाक्या, आणि टाकीपाशी रंगमास्तर शिवगोंडा. अण्णा पेटीत बघून खिडकीतून प्रमाण ओरडून सांगायचे. मास्तर टाकीवरून ओरडायचे, "आलं!" म्हणजे ऐकू आलं, समजलं. मग अण्णा म्हणायचे, "टाका!" हे "टाका" ऐकल्याशिवाय मास्तर टाकीत चिमूटभर रंग घालणार नाहीत. जन्माची सवय!

वैशाखात अण्णा गेले.

मुलगी उज्ज्वला कारखान्यात बसू लागली. शिकलेली, कामाची, पण खिडकीतून हाक मारायला तिचा घसा चालेना. ती चिठ्ठीवर प्रमाण लिहून द्यायची. मास्तर चिठ्ठी वाचायचे, तिलाच "टाका" समजून मुकाट्यानं रंग घालायचे. वाफ तीच, टाक्या त्याच... पण तो कारखाना मुका झाला, मंडळी.

आणि पेटी म्हातारी झालेली! मधेच घरघरायची, मधेच गप्प व्हायची. कोल्हापूरचा इंजिनिअर अय्याज मुल्ला म्हणाला, "मॅडम, हे सगळं क्लाउडवर हलवू या."

आता क्लाउड म्हणजे काय? घाबरू नका, वर बघू नका! दूर कुठंतरी थंडगार इमारतीत रांगेनं यंत्रं ठेवलेली असतात. आपली माहिती तिथं ठेवायची आणि हातातल्या फोनवर हवी तेव्हा उघडायची. दागिने घरच्या ट्रंकेतून काढून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतो ना आपण? तसंच.

उज्ज्वला म्हणाली, "आषाढ जाऊ दे." मग म्हणाली, "गणपती होऊ देत." अय्याज शहाणा, त्यानं घाई केली नाही. ती पुढं का ढकलत होती? सकाळी पेटी सुरू केली की पडद्यावर नाव यायचं, अण्णांचं. रोज सकाळी! ते नाव बघायला ती सगळ्यांच्या आधी यायची. पेटी गेली की ते नावही जाणार. कुणाला सांगणार हे? हसतील लोक.

शेवटी नवरात्रात ती हो म्हणाली. कारखान्याला सुट्टी, टाक्या बंद. अय्याजनं माहिती वर पाठवायला लावली. सावकाश चाललेलं काम. एकदा लावलं की हात लावायचा नाही.

आणि मंडळी, आली खंडेनवमी! त्या दिवशी आपण काय करतो? हत्यारांची पूजा! शिवगोंडा मास्तर आंघोळ करून, झेंडूची माळ घेऊन आले. टाक्या पुसल्या, तराजू पुसला, केबिनमध्ये आले. बघतात तर काय, पेटी चालू! मास्तर म्हणाले, "सणाच्या दिवशी हत्यार चालू?" आणि भिंतीवरचं बटण केलं बंद! गंध लावलं, माळ घातली, हात जोडले. किती भक्तिभाव! आणि माहिती? अर्ध्या वाटेत!

दसऱ्याला उज्ज्वलानं बटण दाबलं. पेटी उठेना. पुन्हा दाबलं. नाहीच.

मास्तरांचा चेहरा उतरला. "ताई, अण्णा असतानाबी खंडेनवमीला बंदच ठेवायचो न्हवं? मला काय ठावं, आत काम चाललंय..."

"तुमची चूक नाही, मास्तर," ती म्हणाली. "मीच सांगायला हवं होतं."

अय्याज धावत आला. "दुसरी प्रत कुठं ठेवलीय, मॅडम?" होती की प्रत! कुठं? त्याच पेटीत! हसू नका, तुमच्या कपाटाची दुसरी किल्ली कुठं आहे ते आठवा.

त्यानं वाकून आत बघितलं. "डिस्क शाबूत असावी. पण स्क्रू गंजलेत. पेटी कापावी लागेल, आणि मग ती परत उभी राहणार नाही."

उज्ज्वला पेटीवर हात ठेवून उभी राहिली. "कापायची नाही."

"मॅडम, दिवाळीच्या ऑर्डरी..."

"कापायची नाही म्हटलं ना!"

बघा हं! आत अण्णांचे सगळे रंग अडकलेले. ते निघाले नाहीत तर दिवाळीत टाक्या पेटणार नाहीत. तिला कळत नव्हतं? सगळं कळत होतं. हात निघत नव्हता.

अय्याजनं उज्ज्वलाच्या घरी फोन केला. आई आली, हातात झाकलेली वाटी घेऊन. लेकीजवळ गेली. म्हणाली, "उज्जू, गणपतीची उत्तरपूजा झाल्यावर आपण काय करतो गं?"

"आई, आत्ता हे काय?"

"सांग तर."

"...हातावर दही ठेवतो. मूर्ती जागेवरून जराशी हलवतो."

"आणि मग?"

उज्ज्वलानं पेटीवरचा हात आणखी घट्ट केला.

"मग तिला कुणी धरून बसतं का? डोळे भरतात, पण पाटावर घेऊन निघतोच ना आपण? तुझ्या अण्णांची आपण एवढी सेवा केली, पण निरोप नीट दिलाच नाही. दवाखान्यातून सगळं घाईघाईनं झालं. आज दे."

वाटीत दही होतं. आईनं पेटीवर अक्षता वाहिल्या. बोटभर दही ठेवलं. अय्याज बूट काढून बाजूला उभा राहिला, कुणी सांगितलं नव्हतं त्याला. मग मायलेकींनी चार बोटं लावून पेटी जराशी हलवली. जराशीच.

"घ्या कापायला," उज्ज्वला म्हणाली.

डिस्क कोल्हापूरला गेली. माहिती निघाली आणि वर चढली. कारखाना उघडला त्या सकाळी केबिनचा कोपरा मोकळा, फरशीवर नुसता चौकोनी डाग. अय्याजनं मास्तरांच्या फोनवर सगळे रंग उघडून दिले. आता चिठ्ठी नको, हाक नको! पहिली टाकी डाळिंबीची. मास्तरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, फोन हातभर लांब धरला, प्रमाण वाचलं, आणि सवयीनं, खिडकीकडे तोंड करून ओरडले,

"आलं!"

अन् जागच्या जागी गोठले. अख्खा कारखाना थांबला. वाफ तेवढी वर जात राहिली. मास्तरांनी रंगाचं भांडं उचललेलं, तसंच हवेत.

केबिनची खिडकी उघडली. उज्ज्वलानं बाहेर डोकं काढलं. आवाज फुटायला थोडा वेळ लागला.

"टाका!"

मंडळी, त्या दिवशीच्या सुताला जो डाळिंबी चढला! मास्तर म्हणतात, डोळ्यांत वाफ गेली म्हणून पाणी आलं. म्हणू द्या त्यांना.

आता घरी जाल. चष्मा पुसून जागेवर ठेवा, जरूर ठेवा, मी नको म्हणत नाही. पण तुमच्याही घरात एखादी हाक अर्धी राहिली असेल. कुणीतरी रोज दारातून विचारायचं, "जेवलीस का गं?" ते विचारणारं आता नाही. मग तुम्ही विचारा. सुनेला विचारा, शेजारणीला विचारा. पहिल्यांदा आवाज फुटणार नाही. थोडा वेळ थांबा आणि पुन्हा विचारा.

उठा, आरतीला उभे राहा.